पहिल्या खिळ्यावरचा कप

मुलुंड पूर्व
शुक्रवार

प्रिय दर्शना,

तुझा निरोप काल मिळाला. सोमवारी तुझी मुलाखत आहे, तीही आपल्या दुकानासमोर आलेल्या त्याच कॉफी कंपनीच्या कचेरीत. तिथे काय सांगणार, हेही तू लिहिले आहेस : दुकान बुडाले, कारण मी ते भावनेवर चालवले. याला फोनवर उत्तर देता आले असते. पण मी फोनवर लेकीशी बोलतो तेव्हा नोटीस वाचून दाखवल्यासारखे वाटते, असे तुझ्या आईचे म्हणणे आहे. शिवाय तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने एखादे विधान खोडायचे तर ते लेखी खोडावे.

स्टेशनरस्त्यावरचे तुझे कॉफीचे दुकान अकरा खुर्च्यांचे. मागच्या भिंतीवर तू खिळे मारलेस आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांनी घरून आपापले कप आणून त्यांवर टांगले. निवृत्त परिचारिका सुलक्षणाबाईंचा निळ्या फुलांचा. शिवदास टेलरचा स्टीलचा मग, ज्याला कप म्हणावे की नाही यावर त्याने तुझ्याशी आठवडाभर हुज्जत घातली होती. असे चौतीस. समोर त्या कंपनीचे काचेच्या दर्शनी भागाचे दुकान उघडले तेव्हा तू माझ्याकडे आलीस आणि मी तुला नऊ कलमांचे टिपण लिहून दिले. सकाळी साडेसहाला दार उघडावे, पदार्थ चारच ठेवावेत, पण ताजे असावेत, वगैरे. त्यातली आठ कलमे मी आजही मागे घेणार नाही. चौथे कलम असे होते : भिंतीवरचे कप काढावेत आणि सर्वांना एकसारख्या पांढऱ्या कपांतून कॉफी द्यावी.

त्याची तीन कारणे मी दिली. स्वच्छतेची खात्री राहते, माप सारखे राहते, नव्या माणसाला परके वाटत नाही. तू दोन दिवस हो-नाही करत राहिलीस. बाबा, ही माणसे त्या कपांसाठीच येतात, असे म्हणालीस. मी विचारले, पुरावा काय? तू जुनी वर्तमानपत्रे गोळा करायला लागलीस, आणि मी माझा युक्तिवाद सिद्ध झाला असे समजलो.

कप तू वर्तमानपत्रात गुंडाळून ज्याचे त्याला परत केलेस. त्या आठवड्यात मी गल्ल्याशेजारी बसत असे. सुलक्षणाबाईंनी पांढरा कप दोन बोटांनी फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, सर, पोरीला दुकान काढून दिलंत की परीक्षेचं केंद्र? शिवदास अधिक नेमके बोलला. पांढरे कप समोर पण आहेत ना सर, आणि वर एसी. मग मी रस्ता का नाही ओलांडायचा? हे अनुमान निर्दोष होते. वर्गात मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. त्याला मात्र मी सांगितले की ही भावना झाली.

सात महिन्यांत दुकान बंद पडले. नातेवाइकांत कुणी विचारले की मी म्हणत असे, तिने हिशेबी डोके ठेवले नाही, दुकान भावनेवर चालवले. एकदा तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकत होतीस. तू वाद घातला नाहीस. उलट तेच वाक्य उचललेस, आणि आता ते सोमवारी परक्यांसमोर स्वतःचे म्हणून ठेवणार आहेस.

गेल्या महिन्यात समोरच्या दुकानाने एक फळी लावली. वर पाटी आहे, ‘तुमचा कप, तुमचे नाव’. बाहेरून काचेतून एका कपावरची निळी फुले दिसली. मी आत गेलो नाही.

आता खरे कारण. ते टिपणात नव्हते, कारण ते मी स्वतःलाही सांगितले नव्हते. मी सात-आठ वर्षांचा असताना तुझ्या आजोबांबरोबर गावच्या हॉटेलात जात असे. जात असे म्हणजे वळचणीपर्यंत. तिथे बाहेरच्या भिंतीला एक खिळा होता आणि त्यावर अर्धा कान तुटलेला एक कप. तो आपल्या लोकांचा. हॉटेलवाला वरून, अंतर राखून चहा ओतायचा. आजोबा प्यायचे, कप स्वतः विसळायचे आणि पुन्हा खिळ्याला लावायचे. ते तो फार काळजीने लावत, पडून फुटला तर दुसरा मिळणार नाही म्हणून. तुझ्या भिंतीवर कप पाहिले तेव्हा मला ती माणसे दिसली नाहीत, खिळे दिसले. प्रत्येकाला वेगळा कप, ही गोष्ट माझ्या लेकीच्या दुकानात मला सहन झाली नाही. हे तुला सांगितले असते तर तू हसून किंवा रडून मला समजावले असतेस, की इथे कप लोकांनी आपणहून आणला आहे आणि आत टांगला आहे. ते समजून घेणे टाळण्यासाठी मी तीन कारणे रचली. कारणे टिकाऊ होती. दुकान टिकले नाही.

नोकरी घ्यावी की नाही, हा निर्णय तुझा. मी त्यावर कलमे लिहिणार नाही. पण मुलाखतीत ते वाक्य म्हणू नकोस. ते खोटे आहे आणि ते माझे आहे. दुकान तुझ्या भावनेने बुडाले नाही, ते माझ्या न सांगितलेल्या भावनेने बुडाले. हे सोमवारच्या आत तुझ्या हाती पडावे, एवढ्यासाठीच हे पत्र. उद्घाटनाच्या दिवशी पहिल्या खिळ्यावर तू ‘बाबा’ असे रंगवलेला कप टांगला होतास. तो मी एकदाही वापरला नाही, आणि भिंत रिकामी करताना सर्वांत आधी तोच काढला. आज सकाळी कपाटातून काढून, धुऊन, त्यातून कॉफी घेतली. कान बोटांत नीट बसतो.

तुझाच,
बाबा