बाळाचं रक्त आधी तपास

अल मुंतझा, दोहा

प्यारी रिदा हिला मुनीराआपाचा सलाम आणि दुआ.

रहमानभाईंच्या हाती पाठवलेली आमसुलं, कुळथाची पिठी आणि बाळाचा फोटो पोचले. जादा वजनाचे बाराशे रुपये पडले, ते मी त्यांना दिले. पुढच्या वेळी पिठी कमी पाठव.

आमचा फैसल बरा आहे. परवा पायरीवर घसरला नि गुडघा नारळाएवढा सुजला. मी रडले तर मलाच म्हणतो, "मम्मा, नो ड्रामा." आता लंगडत का होईना, शाळेत जातो. अम्मीचे पाय कसे आहेत?

आता मन घट्ट करून वाच. फोनवर तुझ्या सासूबाई स्पीकर लावतात, म्हणून कागदावर लिहिते. फैसलचं रक्त गोठत नाही. हे दुखणं आईकडून मुलाला येतं, बाईला स्वतःला सहसा कळतही नाही. मला अम्मीकडून आलं, तुझ्यातही असेल. सलीममामू लहानपणी सुन्नतीच्या जखमेचं रक्त न थांबून गेले, ते नजर लागून, असं आपण ऐकत आलो. नजर नव्हती ती.

ईदनंतर ठरलेली बाळाची सुन्नत थांबव. आधी मोठ्या दवाखान्यात त्याचं रक्त तपासून घे. इथल्या मौलानांना मी विचारलं. म्हणाले, "जीव आधी, बाई. अल्लाहला घाई नाही."

अम्मी म्हणते, सासरी कळलं तर रिदाला माघारी पाठवतील. पाठवू देत. बाळाला घेऊन अम्मीकडे राहा, खर्चाचं मी बघते.

हे पत्र माझ्या इथल्या शेजारच्या नयनाताई गावी येताना आणून तुझ्याच हातात देतील. त्यांना चहा पाज, आणि त्या उठायच्या आत उत्तर लिहून त्यांच्याकडेच दे.

तुझी आपा,
मुनीरा