नॉर्मल गटातला अकरा नंबर

बुधवार, ३ जानेवारी १९७९
सिगरेटच्या धुरानं पेशीतले क्रोमोसोम तुटतात का, हा डॉक्टरबाईंचा अभ्यास सुरू. प्रेमिला रक्ताची स्लाइड करते, फोटो निघतात, मी कात्रीनं एकेक क्रोमोसोम कापून कार्डावर जोड्या लावतो. एका पेशीत सेहेचाळीस. मॅट्रिक नापास, पण अशी नजर अख्ख्या नागपुरात नाही. रिपोर्टात आभाराच्या ओळीत नाव येईल, असं बाई म्हणाल्या.
नॉर्मल गटासाठी न ओढणारे लोक कमी पडले. मी रक्त दिलं. नंबर अकरा. फॉर्मवर ‘ओढत नाही’ लिहिलं. सोमवारपासून सोडणारच आहे. पाच दिवसांसाठी खाडाखोड कशाला?

सोमवार, ८ जानेवारी
सोडली. ९.४० पर्यंत. थंडी फार. भैयाजी पानवाल्याकडून पाकीट घेतलं नाही, सुट्या घेतल्या. सुट्या घेणारा ओढणाऱ्यांत मोडत नाही. एकूण ७.
घरी हिला सोडल्याचं सांगितलं. म्हणाली, "मले खोटं सांगता ते ठीक. रक्ताले काय सांगान?" शिक्षण नाही, म्हणून असं बोलते.

बुधवार, २४ जानेवारी
अकराचे फोटो आले. पन्नास पेशींपैकी सहांत क्रोमोसोम तुटलेले. एकीत तुकडा चक्क बाजूला पडलेला. स्लाइडचा दोष. तुकडा जागेवर नेऊन चिकटवला. नीटनेटकं काम ही माझी सवय.
दुपारी ४. बाईंनी निगेटिव्ह काढून पाहिली. त्यांनाही तुकडा दिसला. मी म्हटलं, प्रेमिलाचा हात अजून कच्चा आहे.

बुधवार, ३१ जानेवारी
प्रेमिला टेम्पररी. मुदत आज संपली, वाढवली नाही. जाताना माझ्या टेबलाशी आली. "काका, माही स्लाइड चांगली होती. तुमाले माहीत आहे."
मी फोटो कापत होतो. कापताना मी बोलत नाही.
नंतर दोन ओढल्या. उद्यापासून नक्की.

मंगळवार, १३ फेब्रुवारी
अकराचं रक्त बाईंनी परत घेतलं होतं. स्लाइड स्वतः केली. तुकडे तसेच. मला विचारलं, ओढता का? म्हटलं, सोडली. कधी? ‘उद्या’ म्हणता म्हणता राहिलो. त्या माझ्या पिवळ्या बोटांकडे बघत होत्या. किती वर्षांपासून, ते मात्र सांगावं लागलं.
प्रेमिलाच्या सावनेरच्या पत्त्यावर त्यांनी लगेच, परत ये म्हणून, पत्र टाकलं.

गुरुवार, २ ऑगस्ट
सावनेरहून उत्तर नाहीच.
रिपोर्ट छापून आला. आभाराच्या ओळीत प्रेमिला. मी आतल्या कोष्टकात: पुरुष, वय ४७, सिगरेट ओढण्याची वर्षं २६.
चूक आहे. आता सत्तावीस.