डायसमधली कबरी

मु. बीबी,
वैशाखातली भर दुपार

आदरणीय रेणुकाताईस,

धाकट्या प्रेमानंदचा मनापासून जय भीम. खामगावला तू, मयुरी आणि तिचं बाळ सुखरूप असाल. दाजींची कंबर आता कशी आहे? (तू हे वाचत नाहीस हे मला माहीत आहे, तुझे डोळे भलतीच ओळ शोधताहेत. घे: तुझ्या सातही कोंबड्या जिवंत आहेत.) फोनवर तू एवढंच विचारतेस आणि ठेवून देतेस, म्हणून बाकीचं पत्रात लिहितो.

कोंबड्या माझ्या हवाली करून तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस आणि इकडे ऊन असं पेटलं की पत्र्याच्या खुराड्यात कोंबड्या चोची वासून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकू लागल्या. तू मला ओळखतेस. तापल्या पत्र्याखाली कोणत्याही जिवाला कोंडणं हा अन्याय आहे आणि सावली ही कोणाची मेहेरबानी नाही, हक्क आहे, असं मी खुराड्यासमोरच खड्या आवाजात सांगितलं. शेजारची अंबूबाई भिंतीवरून म्हणाली, "बोलून तू राह्यला भाऊ, अन् धापा कोंबड्याईले लागून राह्यल्या!" मी घरातला कूलर आणून खुराड्याच्या तोंडाशी लावला आणि गार हवा वाया जाऊ नये म्हणून बाकी सगळ्या बाजू ताडपत्रीनं गच्च बांधल्या. कोंबड्या दुप्पट धापा टाकू लागल्या. पाहावं म्हणून आत डोकं घातलं तर चष्म्यावर वाफ धरली, आणि मी इडलीचं भांडं चढवलंय हे ध्यानात आलं. (सावलीवर बोललो होतो, वाऱ्यावर बोलायचं राहिलं होतं.)

मग ताडपत्री सोडली, पत्र्यावर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाड थर रचला, मावळतीच्या बाजूला ओलं पोतं टांगलं, निंबाखाली मातीच्या परळांत पाणी ठेवलं आणि ते तापलं की बदलू लागलो. सहा कोंबड्या निवल्या. सातवी, तुझी कबरी, मात्र दिवसभर गायब असायची. गेल्या उन्हाळ्यात हिची सारी अंडी नासली, यंदा पिल्लं दिसलीच पाहिजेत, असं तू एसटीच्या खिडकीतून मला बजावलं होतंस, मी शब्दही दिला होता. आणि खुराड्यात तिचं एक अंडं सापडेना! मी मुंगसावर संशय घेतला. (अंबूबाईवरही घेतला होता, पण तो बोलून दाखवला नाही.)

बुद्धपौर्णिमेच्या आधी समाजमंदिरात भाषणाचा सराव करताना पाण्याचा पेला ठेवायला मी भाषणाच्या उभ्या लाकडी डायसच्या खालच्या खणात हात घातला, आणि आतून कोणीतरी तो टोचून काढला. कबरी! जाड भिंती, समोरासमोर खिडक्या, खाली शहाबादी फरशी. गावातली सगळ्यात थंड जागा तिनं हेरली होती आणि जुन्या पताकांच्या गठ्ठ्यावर अंडी घालून ती उबवायला खुडूक बसली होती. आता खुडूक कोंबडी हलवली की ती अंडी सोडते, हे आपल्या घरात वेगळं सांगायला नको. समितीचे अध्यक्ष शेषराव म्हणाले, "एक तं कोंबडी हलव, नाही तं भाषण राहू दे बे."

ताई, या डायसवर मुठी आपटून मी त्याचे पाय खिळखिळे केले आहेत. पौर्णिमेच्या संध्याकाळी मी माईक बंद ठेवला, मूठ खिशात ठेवली आणि मैत्री या विषयावर हलक्या आवाजात बोललो. ऐकू यावं म्हणून मागच्या बाया पुढे सरकल्या. माझ्या पहिल्याच वाक्याला पेंगणारे शेषराव शेवटपर्यंत जागे राहिले. आणि खाली ती: चोच किंचित उघडी, पंख सैल, अंग तापलेलं, पण उठायचं नाव नाही. चार दाणे टिपायला जेमतेम बाहेर येते आणि लगेच परत. निश्चय या शब्दावर मी कपाटभर वाचलं आहे, पण तो माझ्या गुडघ्यांपाशी बसलेला प्रथमच पाहिला.

अजून अंड्यांतून काही निघालेलं नाही. ऊन हटत नाही आणि तुला दिलेला शब्द मला झोपू देत नाही. रोज दुपारी खिडक्यांना ओली पोती बांधून मी तिथेच वाचत बसतो, तेही मनातल्या मनात.

तुझा,
प्रेमानंद

ता. क. ते भाषण ऐकून गेलेल्या मेहकरच्या मंडळींनी पुढच्या महिन्यात मला भाषणाला बोलावलं आहे. "त्या दिवशीसारखं बोलणार असाल तरच या, आणि कोंबडी सोबत आणा," असा निरोप आहे. तेव्हा परत आलीस की सहा कोंबड्या तू खुशाल ने. कबरी मला देऊन टाक.

आणखी एक. पाकीट चिकटवत होतो तोच अंबूबाईची हाक आली. पळत गेलो. डायस चिवचिवत होता! ताई, पिल्लं निघाली! सारी गल्ली गोळा झाली. मला राहवेना, दोन शब्द बोलायला डायसमागे उभा राहिलो, तर अंबूबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "इतकी वर्सं तू याच्यावरून बोलून राह्यला भाऊ, आज पयल्यांदा काही निंघालं त्यातून!"