दादाची टाचणी

गुरुवार, १२ तारीख

प्रिय दादा,

तुझी पाठ आणि वहिनीचा राग दोन्ही उताराला लागले असतील, अशी आशा. मी ठणठणीत. पत्र लिहितेय, कारण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. कागदावर निदान तुला मधे तोंड घालता येत नाही.

आधी नेटची बातमी. सोमवारी ते रखडत होतं म्हणून तुला विचारलं. "राउटरच्या मागे बारीक भोक आहे ना? टाचणी घाल आणि दहा आकडे मोज," म्हणालास. मोजले. ह्यांनी सात वर्षांपूर्वी त्यात भरलेलं सगळं राउटर साफ विसरला. त्यावर तुझं म्हणणं, "बघ, एकटीला झेपत नाही. फ्लॅट विकून टाक, आमच्याकडे ये." टाचणी तुझी, निकालही तुझाच!

मंगळवारी मीच बसले. मुद्रितं तपासून पाठवायची होती, प्रकाशक काय माझ्या राउटरसाठी थांबणार? कनेक्शनच्या प्रकारांत पीपीपीओई निवडायचं, हे कंपनीच्या जुन्या कागदावर सापडलं. म्हणजे कंपनी दारातच नाव आणि पासवर्ड विचारते, पटलं तर आत घेते. मी राउटरच्या बुडाशी छापलेला पासवर्ड घालत राहिले. अकरा वेळा. तो निघाला नुसता राउटर उघडायचा, कंपनीचा वेगळाच. माहेरची किल्ली सासरच्या कुलपाला! हस, हसून घे.

कंपनीचा पासवर्ड ठाऊक होता तो ह्यांना. फोन केला, तर तिथली मुलगी म्हणते, "ज्यांच्या नावावर आहे त्यांना द्या ना फोन."

मी म्हटलं, "ते बाहेर गेलेत."

दादा, आठ महिने मी हेच सांगतेय. बँकेला, गॅसवाल्याला, सगळ्यांना. इस्त्रीवाला तर परवा म्हणाला, "साहेबांचा दौरा लांबला बराच." तुम्हा सगळ्यांसमोर मी शहाण्यासारखी वागले, रडलेसुद्धा वेळेवर. पण ह्यांचं नाव कुठूनच काढलं नाही.

काल सकाळी पुन्हा फोन. वीस मिनिटं गाणं ऐकवून तीच मुलगी आली. "आले का सर?"

"नाही. ते वारले. कनेक्शन माझ्या नावावर करा."

तोंडातून पहिल्यांदाच निघालं ते. ती हळूच म्हणाली, "मॅडम, दाखला मोबाइलवरून पाठवा. मी थांबते लाइनवर." आणि थांबली, दादा. नवं नाव, नवा पासवर्ड एकेक अक्षर सांगितलं. मी भरलं, सेव्ह दाबलं. लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि हिरवा झाला. मग मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. ह्या खेपेला वेळ-काळ न बघता.

संध्याकाळपर्यंत दोन प्रकरणं तपासून गेली. प्रकाशकाने लगेच चार धाडली, मेल्याने.

आता रविवारचं. फ्लॅटला गिऱ्हाईक घेऊन येणार म्हणालास. गिऱ्हाइकाला जिना चढवलास, तर त्याला चहा मिळेल, फ्लॅट नाही. तुला दोन्ही नाही. एकटा आलास तर जेवूनच जा. वायफायचा पासवर्ड बदललाय, नीट मागितलास तर देईन.

टाचण्या घरी ठेवून ये.

पत्ता तोच आहे आणि तोच राहणार.

तुझी धाकटी,
कालपासून स्वतःच्या नावावर