समोर बसून शिकलेली कात्री

तीर्थरूप मामांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (एकाच हाताने करायचा असता, तर कोणत्या, यावर मी अजून अडकून बसलो असतो.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तुमच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालं, पण बोटांत कात्री धरवत नाही म्हणून तुम्ही सलूनमधली खुर्ची विकायला काढली आहे, असं मामीच्या पत्रातून कळलं. आरसा पुसायला त्याच खुर्चीवर चढला होतात म्हणे. आयुष्यभर गिऱ्हाइकांना 'हलू नका' सांगणाऱ्या माणसाने फिरत्या खुर्चीवर उभं राहावं, यावर मी भाच्याने काय बोलायचं? मामीने बोलून घेतलं असेलच.

तुमचं मन रमावं म्हणून माझी फजिती कळवतो. मी कात्री डाव्या हाताने चालवतो आणि वस्तरा उजव्याने, हे तुम्हाला ठाऊकच आहे. टूथब्रश डाव्या हातात, चमचा उजव्या. कुलूप उघडतो डाव्याने, लावतो उजव्याने. बायको म्हणते, 'लग्न ठरवताना मला एकच माणूस दाखवला होता.' एक डॉक्टर गिऱ्हाईक म्हणाले, काही माणसं असतातच अशी, कामागणिक हात बदलणारी; बिघाड काही नाही. मी मान डोलावली, पण माझं निदान वेगळं आहे. कात्री तुम्ही मला स्टुलावर समोर बसवून शिकवलीत. तुमचा उजवा हात चाले, तो माझ्या डाव्यासमोर. मी आरशासारखा तोच उचलला. पुढे स्टूल मोडलं, म्हणून वस्तरा तुमच्या पाठीमागे उभं राहून शिकलो, तो सरळ उजव्या हातात आला. (तुम्ही नुसतं म्हणालात, 'केस कापले जातायत ना? मग राहू दे.' आणि माझ्यासाठी डाव्या हाताची कात्री शोधत बाजार पालथा घातलात.)

तर परवा शेजारचे घड्याळवाले पहिल्यांदाच आमच्या खुर्चीत बसले. दिवसभर भिंगातून बघायची सवय, त्यामुळे त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. केस झाले, अर्धी दाढी झाली आणि त्यांनी माझं मनगट धरलं. 'केस कापताना डावखुरा होतास की. मग वस्तरा उजव्या हातात कसा? सराव चाललाय का माझ्यावर?' मी त्यांना स्टुलाची सगळी हकिगत सांगितली. ती ऐकून ते आणखीच घाबरले आणि टॉवेलसकट आपल्या दुकानात गेले. दुपारपर्यंत अर्ध्या दाढीने घड्याळं उघडत बसले. गिऱ्हाइकं काउंटरच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन दोन्ही बाजू बघून यायची. शेवटी परत आले, म्हणाले, 'उरलेली कर. पण हात सांगून बदलत जा.' तेव्हापासून मी कंडक्टरसारखा पुकारा करतो, 'हात बदलतोय हो.' आमचे मालक म्हणतात, दुकानाला जरा वजन आलं.

मामीला नमस्कार. मनगट शेकत राहा.

तुमचा,
डावा-उजवा भाचा

ता. क. खुर्ची विकू नका. चार आठवडे इकडे येऊन राहा, डाव्या हाताने कात्री मी शिकवतो. तुमचा डावा हात धडधाकट आहे आणि तुम्ही मला आणून दिलेली कात्री अजून धारेची आहे. फक्त या वेळी समोर बसायचं नाही, माझ्या मागे उभं राहायचं. नाहीतर तुमचा पुन्हा उजवाच हात पुढे येईल. घड्याळवाले सरावासाठी डोकं द्यायला तयार आहेत. दाढी मात्र देत नाहीत.

ता. क. दुसरा. वर मी मोठ्या ऐटीत लिहिलं खरं, पण डाव्या हाताने वस्तरा मलाही येत नाही. तो आपण दोघांनी एकमेकांवर शिकायचा. तेव्हा दाढी वाढवून या. मी आजपासून वाढवतोय.