शिक्का नसलेला अर्ज

अप्पा, दुर्गाघाटावरच्या आपल्या गल्लीत पाण्याची नवी लाइन पडली. नळाला आता गटाराचा वास येत नाही. आज पहिला तांब्या भरला, नाकाशी नेला आणि तिथेच रडायला आलं.

हे तुमच्या नातीनं केलं. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. मराठी तिला सगळं समजतं, बोलते मात्र अर्धी हिंदी. दिवसभर मोबाइलात डोकं घालते म्हणून मी तिला काय कमी बोलले? पण तिनं गल्लीतली दहा-बारा पोरंपोरी गोळा केली. रोज सकाळी सातला नळाचं पाणी काचेच्या बाटलीत भरायचं, शेजारी त्या दिवसाचा पेपर धरायचा, फोटो काढून पाण्याच्या कचेरीच्या मोबाइलवरच्या पानावर टाकायचा. एक दिवस खाडा नाही. मी म्हटलं, "फोटोंनी कुठे पाइप बदलतात का गं?" तर म्हणते, "आई, नानाजी भी तो यही करते थे. त्यांचं कोणी बघत नव्हतं, एवढंच."

तुमच्या अर्जांच्या नकलांची ट्रंक उघडली होती तिनं. तुम्ही घाटावर यजमानांची कार्यं करणारे; साहेबाला अर्जही यजमानाला लिहावा तसाच लिहायचात. वर श्री, मग साहेबांस अनेक आशीर्वाद, मुलाबाळांची खुशाली, आणि शेवटी कुठे गटार! मी सतरा वर्षांची, तुमच्याबरोबर कचेरीत उभी आहे. बाबू तो अर्ज सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतोय, "पंडितजी, दक्षिणा भी लिख देते!" सगळे खो खो हसतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुम्हीही हसता आणि म्हणता, "पढ़ लिया न? अब मुहर लगाइए."

नातीनं त्यातलाच एक अर्ज व्हिडिओत वाचला. झालं! पोरं रोजच्या फोटोखाली 'साहेबांस अनेक आशीर्वाद' लिहायला लागली. साताऱ्या-नाशकाकडून तुमच्या यजमानांची नातवंडं लिहू लागली, आमचे आजोबा यात्रेला आले की तुमच्याकडेच उतरायचे, पाण्याचं काय झालं? शेवटी इंजिनीअर घामाघूम होऊन गल्लीत आला. "बेटा, आशीर्वाद बहुत हो गया, पाइप दिखाओ." मी त्याला चहा दिला, जुन्या नळाच्या पाण्याचा. प्यायला बिचारा.

काम संपलं त्या दिवशी पोरगी व्हिडिओतला तो अर्ज घेऊन आली. "आई, बाकी सबपर रिसीविंगचा शिक्का आहे, ह्याच्यावर नाही. आणि ही नक्कल नाही, ओरिजिनल आहे." मी म्हटलं, "दिला नसेल त्या मेल्यानं शिक्का."

खोटं बोलले, अप्पा. तुमचा गुडघा धरला होता म्हणून तो अर्ज तुम्ही माझ्या हाती दिलात. मी कचेरीच्या दारापर्यंत गेले, तोच बाबू बसलेला दिसला आणि मागे फिरले. घरी येऊन म्हटलं, देऊन आले. तुम्ही आठ दिवस ओट्यावर बसून कचेरीच्या माणसाची वाट पाहिलीत. त्याच पावसाळ्यात आईला कावीळ झाली. ती उठली, पण पूर्वीची राहिली नाही. आणि तुम्ही म्हणत राहिलात, माझ्याच लिहिण्यात काही कमी पडलं असेल.

काही कमी पडलं नव्हतं. मी तो दिलाच नव्हता.

पोरीला हे तोंडानं सांगायचं माझं धाडस होत नाही. हे पत्र त्याच अर्जाखाली ठेवते आहे. ट्रंक ती हल्ली रोज उघडते, आणि मी कुलूप लावलेलं नाही.