मांजरांनी उकरलेला बलूत

शुवैख, कुवेत
ऑक्टोबर २००४

ती. शंकरमामांच्या पायांवर काशिनाथचं डोकं. (इथली फरशी तव्यासारखी तापते, म्हणून खाटेवरूनच टेकवलं आहे. गोड मानून घ्यावं.) तुमचा गुडघा आणि द्वारकामामीचा दमा, दोघंही आता जरा ऐकत असतील अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम, फक्त अंगाला मासळीचा वास येतो. त्याची हकिकत अशी.

मी इथे कारखान्यात दरवाजे करतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. मे महिन्यात मालक आले, मी ओकच्या फळीला रंधा मारत होतो ते पाहिलं आणि म्हणाले, तुला हे लाकूड कळतं, तर माझ्या आईच्या अंगणातलं झाड सांभाळ. खाटकाला बकरी राखायला द्यावी तसं झालं. (ओकला इथे बलूत म्हणतात. आपण पिढीजात बलुतेदार, तेव्हा ते कपाळी असणारच.)

मालकांची आई असमाबाई इथल्या दस्मान भागात राहतात. मूळच्या त्या लेबनॉनच्या डोंगरातल्या. नव्वद साली इराकी सैनिकांनी त्यांच्या धाकट्या मुलाला, तल्हाला, घरातून उचलून नेलं. तो परत आला नाही, आणि गेला असंही कुणी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी बाईंनी माहेरच्या बलुताचं बी आणून अंगणात लावलं, तल्हा येईल तेव्हा सावली असावी म्हणून. इतक्या वर्षांत झाड माझ्या खांद्याला लागलं होतं. (सावली एका कोंबडीपुरती.) बाई रोज संध्याकाळी त्याच्यापाशी खुर्ची टाकून बसत.

त्यांचा ड्रायव्हर हारून आपल्या दाभोळकडचा. तो म्हणाला, "काशी, आमच्या माडांना मासळीचं खत घालायचे. घालून बघ, कसं तरारतं ते." शर्कच्या मासळीबाजारातून डोकी आणि आतडी पिशवी भरून आणली आणि मुळाशी पुरली. (गाडी मालकांची. वास अजून आहे.) सकाळी पाहतो तर दस्मानमधली यच्चयावत मांजरं जेवून गेलेली आणि मुळं उघडी! माती लोटली, पाणी घातलं, उन्हाला आडोसा म्हणून बाईंच्या फुलाफुलांच्या चादरी बांधल्या. मग धुळीचं वादळ आलं. एक चादर शेजाऱ्याच्या गच्चीवर गेली, जाताना फांदी घेऊन गेली. जुलैत उरलीसुरली पानंही गळाली. बाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नेहमीसारख्या खुर्ची टाकून त्या काटक्यांसमोर बसल्या.

ऑगस्टमध्ये खबर आली. इराकमध्ये वाळूत सापडलेल्या हाडांपैकी काही तल्हाची निघाली. घर माणसांनी भरलं. बिनसाखरेची कॉफी फिरत राहिली, मोठ्याने कुणी रडलं नाही. मी झाडाची पाण्याची नळी गुंडाळून ठेवली.

लोक पांगल्यावर बाईंनी बोलावलं. त्यांचं अरबी हारून मला सांगत होता.

"पाणी का बंद केलंस?"

हारूनच परस्पर त्यांना म्हणाला, "त्याला वाटलं, आता कुणासाठी घालायचं."

बाई म्हणाल्या, "तल्हा गेला, हे मला सांगितलं. झाड गेलं, असं अजून कुणी सांगितलेलं नाही."

मी नळी सोडली. तेव्हापासून दर शुक्रवारी नखाने साल खरवडून बघतो. आत हिरवं दिसतं, पण दर खेपेला जरा खाली. आता माझ्या गुडघ्याच्याही खाली आहे. बाई खुर्चीवरूनच विचारतात, हिरवं आहे ना? मी मान हलवतो. अजून तरी खोटं बोलावं लागलेलं नाही.

मामीला नमस्कार, पोरांना पाकिटात मावतील तेवढे आशीर्वाद.

तुमचा भाचा,
काशिनाथ

ता. क. इथे मासे चांगले मिळतात का, असं मामीने विचारलं होतं. मिळतात. सध्या खाववत नाहीत.

ता. क. दुसरा. चार पानं इकडचं तिकडचं लिहिलं, कारण हे लिहायला हात धजत नव्हता. माझ्या पाठचा शैलेश समुद्रात होडीसकट गेला त्याला सहा वर्षं झाली. आता देह नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, आईची समजूत तू घाल, असं तुम्ही लिहिलंत. मामा, मी घालणार नाही. तुम्हीही घालू नका. भटजींना नाही म्हणून कळवा. ती रोज पडवीत कंदील लावते, तो लावू दे. तेवढं रॉकेल कमी पडणार नाही, हे बघा.